वृद्धांचे ताट आणि अन्नब्रह्माची उपासना
(मठाच्या वर्धापन महोत्सवातील व्याख्यान)

 

उत्सव कोणताही असो, त्याची सांगता अन्नसंतर्पणाने व्हावी असा मठाचा परिपाठ आहे. पंगत बसते, तेव्हा वृद्धांना मानाने पुढे बसविले जाते, गरम भात व वरण प्रथम त्यांच्या पानावर पडते आणि ‘सावकाश होऊ द्या’ असे त्यांना पुनःपुन्हा विनविले जाते. त्या दिवशी घरी अर्धी पोळीही न संपविणारे आजोबा दोन वेळा वरणभात मागून घेतात, असा अनुभव पुष्कळांना असेल. परंतु उत्सवाचे दिवस वर्षातून मोजकेच असतात. उरलेल्या दिवसांत त्याच वृद्धांच्या ताटात काय पडते आणि त्यातले किती पोटात जाते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

भूक म्हटली की दख्खनच्या लोकांना दुष्काळ आठवतो. बेदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा येथील घराघरांत सांगितली जाते. त्या भुकेला आक्रोश होता, म्हणून ती दिसली. आज ज्या भुकेचा विचार करावयाचा आहे ती बोलत नाही. घरात धान्य असते, फडताळात डबे भरलेले असतात, आणि तरीही घरातील वृद्ध मनुष्य महिन्यामहिन्याने क्षीण होत जातो. ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ असे म्हणून घरची मंडळी समाधान मानतात, आणि स्वतः तो वृद्धही तेच म्हणतो.

हे प्रमाण लहान नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या विद्यमाने २०१७-१८ साली देशभर वयस्कांची एक विस्तृत पाहणी झाली. तीत सुमारे ७२ हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले. सुमारे २२ टक्के लोकांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते, हेही तितकेच लक्षात ठेवावयास हवे. देह स्थूल दिसला म्हणजे पोषण पुरेसे झाले असे नव्हे. चरबीच्या आड स्नायू झिजत असतात आणि जीवनसत्त्वांची उणीव बाहेरून दिसत नाही. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात असलेल्या व्यक्तीकडे निदान कोणा जाणत्याचे लक्ष असते. आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांचे तसे नाही. त्यांच्या ताटाकडे पाहणारे डोळे घरचेच असावे लागतात.

या विषयाचा विचार हैदराबादेत व्हावा हे सर्वथा उचित आहे, कारण भारतातील पोषणशास्त्राचे माहेरघर याच नगरीत आहे. सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर संस्थेच्या एका खोलीत, बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी लहानसे कार्य आरंभिले. त्याचीच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. ती १९५८ साली हैदराबादेस आली, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने तार्नाका भागात कार्य करीत आहे. या संस्थेचे संचालकपद भूषविणारे डॉ. सी. गोपालन यांचा जन्मही १९१८ चाच. त्यांना १०० वर्षांचे दीर्घायुष्य लाभून २०१९ साली त्यांचे देहावसान झाले.

संस्था येथे आल्यानंतर लवकरच डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर व गळ्यावर काळपट चट्टे, जुलाब आणि बुद्धीचा भ्रम, अशी पेलाग्रा रोगाची लक्षणे येथील गरीब श्रमजीवी लोकांत आढळत होती. हा रोग जगात अन्यत्र मक्यावर जगणाऱ्या लोकांत ज्ञात होता. येथील रोगी ज्वारी खाणारे होते. ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्यामुळे शरीरातील नायसीन या जीवनसत्त्वाचा व्यवहार बिघडत असावा, असा सिद्धांत त्यांनी १९६० साली मांडला. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत पुष्कळ चर्चा झाली. सामान्य जनांनी त्यातून घ्यावयाचा बोध मात्र सरळ आहे. ज्वारीची भाकरी वाईट नव्हे. मराठवाड्यात व तेलंगणात तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. पण त्या पिढ्यांच्या ताटात भाकरीसोबत डाळ, ताक, पालेभाजी व शेंगदाण्याची चटणी होती. सोबतीचे पदार्थ गेले आणि एकटी भाकरी उरली, तेव्हा पोट भरूनही देह उपाशी राहिला. आज वृद्धांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे. भाकरीची जागा केवळ चहा-टोस्टाने व मऊ भाताने घेतली आहे, इतकाच भेद.

काचीगुडा किंवा सुलतान बाजार या भागातील एखादे जुने मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्याच राहतात. यजमान जाऊन काही वर्षे झाली. मुलगा परदेशी किंवा शहराच्या दुसऱ्या टोकास नोकरीला. तो पैशाला कमी पडू देत नाही, रोज रात्री न चुकता दूरध्वनी करतो आणि विचारतो, “आई, जेवलीस का?” आजी म्हणतात, “जेवले रे बाबा, माझी काळजी नको करूस.” हे उत्तर असत्य नसते. पण त्या काय जेवल्या, ते कोणी विचारीत नाही, आणि दूरध्वनीच्या पडद्यावर चेहरा दिसतो, ताट दिसत नाही.

सकाळी चहा व दोन टोस्ट. दुपारी वाटीभर भात, पातळ वरण, भाजी नावापुरती, लिंबाचे लोणचे. चार वाजता पुन्हा चहा व दोन बिस्किटे. रात्री ‘एकटीसाठी कुठे चूल पेटवायची’ म्हणून दुपारच्याच भातावर चमचा-दोन चमचे दही. या आहाराचा हिशोब मांडून पाहावा. सर्व मिळून त्यात अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. आजींचे वजन ५० किलो धरले तर ही गरज सुमारे ४१ ग्रॅमची होते; म्हणजे निम्मी गरजसुद्धा भरत नाही. वृद्धांचे स्नायू अन्नातील प्रथिनांचा उपयोग तरुणांइतक्या सहजतेने करू शकत नाहीत, म्हणून त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा अनेक देशांतील तज्ज्ञांचा अभिप्राय आहे.

‘म्हातारपणी कमी खावे’ हे वचन सर्वांच्या तोंडी असते. त्यात अर्धेच सत्य आहे. चालणे-फिरणे कमी झाल्यामुळे उष्मांकांची गरज काहीशी उतरते. प्रथिने, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची गरज उतरत नाही. यास्तव वृद्धाचा घास लहान असला तरी तो अधिक कसदार असावयास हवा. व्यवहारात मात्र उलट घडते. दात गेल्यामुळे भाकरी, उसळ, कोशिंबीर ही आधी ताटातून जातात आणि राहतो तो पिष्टमय मऊ पदार्थ. जिभेची व नाकाची संवेदना मंदावते, म्हणून अन्न बेचव लागते. काही औषधांनी तोंडाला कोरड पडते, काहींनी भूक मरते. बद्धकोष्ठाच्या भयाने जेवण तोडले जाते, रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी तोडले जाते, आणि वृद्धापकाळी तहानेची जाणीव मुळातच क्षीण झालेली असते. जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचे, आणि नेमके तेच पदार्थ ‘कफ होतो’ म्हणून बंद केलेले असतात. घराबाहेर पडणे थांबले की ऊन अंगावर पडत नाही आणि ‘ड’ जीवनसत्त्वही उणे होते.

या सर्वांवर कडी करणारे कारण एकाकीपणा होय. जिने चाळीस वर्षे घरच्या सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाल्ले, तिला स्वतःसाठी स्वयंपाक करणे हे काम वाटत नाही, चैन वाटते. ज्याने पत्नीच्या हातचे आयते खाल्ले, त्या विधुर गृहस्थास डाळ किती शिजवावी हेही ठाऊक नसते. दोघांचीही भूक पोटापेक्षा मनात आधी मरते.

याचे परिणाम हळूहळू दिसू लागतात. स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, तोल जातो. न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. जखम लवकर भरत नाही, साधा खोकला फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो. ब-१२ च्या अभावी पायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे लोक त्यास ‘वयाचा दोष’ म्हणतात. ज्यावर उपाय आहे, त्यास प्रारब्ध म्हणून सोडून दिले जाते.

येथे भक्तजनांच्या मनात एक शंका उद्भवणे स्वाभाविक आहे. मिताहार, एकभुक्त व्रत, एकादशी, चातुर्मासातील नेम, या सर्वांची शिकवण मठानेच दिली. मग आता वृद्धांना अधिक खा असे सांगणे धर्माशी कसे जुळते? या शंकेचे उत्तर शास्त्रानेच देऊन ठेविले आहे. एकादशीच्या उपवासाचा अधिकार सांगताना आठ वर्षांपुढील व ऐंशी वर्षांआतील मनुष्य असा निर्देश धर्मग्रंथ करतात. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्यांवर त्या व्रताचे बंधनच नाही. अशक्तांसाठी दूध, फळे अथवा एकवेळचे हविष्यान्न असे सौम्य पर्याय सांगितले आहेत. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही म्हणून परंपरा सांगते, त्यांत पाणी, कंद, फळे, दूध व हविष्य यांबरोबरच औषध आणि गुरूची आज्ञा यांची गणना आहे. शास्त्रकारांनी देहाची कणव राखूनच व्रते रचली. ती कणव विसरून केलेला उपवास व्रत न राहता देहदंड ठरतो.

तथापि, पन्नास वर्षांचा नेम एका दिवसात सोडा असे वृद्ध मातेस सांगणे म्हणजे तिच्या श्रद्धेस धक्का देणे होय. तसे करू नये. वैद्याची अनुज्ञा असेल तर उपवास राहू द्यावा, पण त्याचे ताट बदलावे. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नाहीतच म्हटले तरी चालेल. त्याऐवजी दुधात शिजविलेला राजगिरा, शेंगदाण्याची आमटी व वरीचा भात, वाटीभर दही असे फराळाचे रूप असावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वैद्यास विचारल्यावाचून उपवास करूच नये. आणि जिथे घरच्यांचे सांगणे मानले जात नाही, तिथे गुरुजनांचा एक शब्द पुरतो. “तुझा नेम पोहोचला, आता दूध घे,” असे मठातून सांगितले गेले तर ते औषधाइतकेच गुणकारी ठरेल.

धोका वेळीच ओळखावा कसा? वृद्धांच्या पोषणाची परीक्षा करणारी एक प्रश्नावली फ्रान्समधील तुलूझ येथील वैद्यांच्या सहभागाने १९९० नंतरच्या दशकात सिद्ध झाली आणि आज अनेक देशांत ती वापरली जाते. तिच्या संक्षिप्त रूपात सहाच गोष्टी पाहिल्या जातात: गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले काय, वजन उतरले काय, हिंडणे-फिरणे कसे आहे, या काळात मोठे आजारपण किंवा मनास धक्का बसला काय, विस्मरण वा औदासीन्य आहे काय, आणि उंचीच्या मानाने वजन किती आहे. एकूण गुण १४. बारा वा अधिक मिळाल्यास पोषण ठीक, आठ ते अकरा असल्यास धोका, सात वा कमी असल्यास कुपोषण. वजन-उंची मोजणे शक्य नसेल तर पोटरीचा घेर शिंप्याच्या फितीने मोजतात. तो ३१ सेंटीमीटरहून कमी भरणे हे चांगले लक्षण नव्हे. तीन महिन्यांत तीन किलोहून अधिक वजन आपोआप उतरले तर वैद्यांकडे जाण्यास विलंब लावू नये. फीत नसली तरी घरातील खुणा बोलतात. पाटल्या कोपराकडे सरकू लागतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते, कवळी तोंडात हलू लागते. सुनेने किंवा नातवंडाने या खुणांकडे पाहावे.

उपाय खर्चाचे नाहीत. ते स्वयंपाकघरातच आहेत. संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सतरा मार्गदर्शक सूत्रांत वृद्धांच्या आहाराला स्वतंत्र स्थान दिले आहे आणि त्यांचे अन्न पोषकद्रव्यांनी समृद्ध असावे असे सांगितले आहे. वर सांगितलेल्या आजींच्याच ताटात थोडा बदल करून पाहावा. सकाळी पेलाभर दूध, चहाआधी. दुपारचे वरण मूठभर डाळीचे, दाट. वाटीभर ताजे दही. चार वाजता बिस्किटांऐवजी शेंगदाण्याचे कूट व गुळाचा लहान लाडू. रात्री मुगाचे मऊ धिरडे. तेलुगू शेजारीण त्यास पेसरट्टू म्हणते आणि प्रेमाने करूनही देते. एवढ्याने प्रथिनांचा हिशोब चाळीस ग्रॅमांपलीकडे जातो. नाचणीची आंबील, मेतकूट-भात, भाजणीचे मऊ थालीपीठ, तिळाची चटणी, बारीक चिरून शिजविलेली पालेभाजी, किसलेले फळ, हे सर्व बिनदातांच्या तोंडालाही चालते. एका वेळी पोटभर जात नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मधुमेह्यांस गूळ वगळावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यास विचारावे. दात व कवळी यांची तपासणी करून घेणे हाही आहाराचाच भाग समजावा, आणि रोज थोडे चालणे हाही. कारण वापरल्यावाचून स्नायू अन्नाने एकट्याने बळावत नाहीत.

शासनाचे हातही या कामी पुढे आले आहेत. हैदराबाद महानगरपालिकेने २०१४ साली पाच रुपयांत भोजन देणारी केंद्रे आरंभिली आणि त्याच वर्षी तेलंगण राज्यात ‘आसरा’ नावाचे निवृत्तिवेतन निराधार वृद्धांसाठी सुरू झाले. पण भोजनकेंद्रापर्यंत पोहोचतो तो चालू शकणारा. तिसऱ्या मजल्यावर, गुडघे धरलेल्या, पांढरपेशा घरातील वृद्धास तेथे जाणे जमत नाही, आणि जमले तरी लाज वाटते. मठाच्या सेवेचे क्षेत्र तेथून सुरू होते.

सोबतीने जेवणारा मनुष्य एकट्याने जेवणाऱ्यापेक्षा अधिक जेवतो, हे अभ्यासकांनी पुनःपुन्हा पाहिले आहे. पंगतीची प्रथा ज्यांनी घातली त्यांना हे शोधनिबंधावाचून ठाऊक होते. उत्सवाची पंगत आठवड्याच्या एका ठरलेल्या वारी वृद्धांसाठी बसविता येईल. तीत मऊ खिचडी, दाट वरण, ताक असा प्रसाद असावा. परिसरात एकटे राहणाऱ्या वृद्ध भक्तांची नोंदवही ठेवता येईल. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे तरुण सेवेकऱ्यांनी प्रसाद न्यावा, पण डबा दाराशी ठेवून परतू नये. ताट वाढून, समोर बसून, चार गोष्टी बोलत, त्यांचे जेवण होईपर्यंत थांबावे. दर पौर्णिमेस सभामंडपाच्या कडेला वजनाचा काटा मांडावा आणि वृद्धांचे वजन वहीत लिहावे. एवढ्या साध्या वहीने घटलेले वजन वेळीच दिसेल.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथा भक्तजनांस परिचित आहे. पित्याच्या आज्ञेने तप करता करता त्यास प्रथम अन्न हेच ब्रह्म असे कळले. पुढे तो प्राण, मन, विज्ञान या पायऱ्या चढून आनंदापर्यंत पोहोचला. लक्षात घेण्याजोगे हे की, आनंदाची प्राप्ती झाल्यावरही उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावे, आश्रयास आलेल्यास परत पाठवू नये अशी व्रते सांगते. सर्वोच्च ज्ञानानंतरही अन्नाचे व्रत उरतेच.

ज्या हातांनी मठाच्या पंगतीत अनेक वर्षे वाढले, ते हात आज घरी एकट्याने अर्धी वाटी भात कालवीत असतील. आज उत्सवाचा प्रसाद घेऊन परतताना प्रत्येक भक्ताने आपल्या गल्लीतील अशा एका घराची कडी वाजवावी, ‘जेवलात का’ एवढ्यावर न थांबता ‘काय जेवलात’ असे विचारावे, आणि शक्य झाल्यास त्यांच्याच शेजारी पाट मांडून बसावे. या वर्धापनदिनी श्रीगुरूंच्या चरणी तीच खरी सेवा रुजू होईल.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥